घरोघरची मोहाची आणि आमची ब्यांड पार्टी

लग्नात ब्यांडवाल्याला कुणी 'बसा' म्हणत नाही. नवरदेवाचं बाशिंग सापडेपर्यंत उभं राहायचं, रुसलेला जावई मानेपर्यंत उभं राहायचं, वरात निघाली की चालायचं आणि मांडवापाशी पोचली की पुन्हा उभं राहायचं! गळ्यात वाद्य, डोक्यावर झुपकेदार टोपी, वर वैशाखाचं ऊन. अशा उभ्या माणसाच्या कानावर आणि डोळ्यांवर काय काय येतं म्हणून सांगू! किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप अंगावर साचतात, घामासारखे.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून ते गावोगाव टेपरेकॉर्डर आणि भोंगे येईपर्यंत मी तुमसरच्या एका ब्यांड पार्टीत साइड ड्रम वाजवला. आमचे पुढारी गणपत मास्तर. एरवी शिलाई मशीनवर बसायचे, लग्नसराईत क्लॅरिनेट. अंगानं काडी, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल एवढी. मोठा ढोल शिवचरणकडे. हा राइस मिलमधला हमाल, धानाचं पोतं उशीसारखं उचलायचा. आणि पितळेचा मोठा बाजा वाजवायचा केवळराम. तोंडानं बाजा वाजवत नसेल तेव्हा नुसतं तोंड वाजवायचा! बाकी दोघे-चौघे हंगामाप्रमाणे यायचे-जायचे.

आता खरी गोष्ट. आमचा हंगाम चैत-वैशाखाचा आणि मोहाची फुलं पडायची तीही तेव्हाच. बार वगैरे शहरातल्या गोष्टी. तुमसरात सरकारमान्य देशीचं दुकान होतं, पण तिथली बाटली सगळ्यांना सारखी. गावात तसं नव्हतं. कुणाच्या तरी मागच्या अंगणात चूल, चुलीवर सडवलेल्या मोहाचं मडकं, वर वाफ निववायला गार पाण्याचं भांडं, मडक्याला बांबूची नळी, आणि नळीतून थेंब थेंब उतरणारी धार. कायद्यानं बंद, रिवाजानं चालू. आणि प्रत्येक घरची चव वेगळी! आम्ही लग्नं वाजवत हिंडायचो ते खरंच, पण मनातून आम्ही चवी घेत हिंडायचो.

मास्तरांचा नियम एकच, तोही पानाच्या द्रोणाच्या मापात. "वाजवाच्या आधी एक दोना. वाजवून झाल्यावर मन भरते तवरिक."

*

केवळराम सांगायचा, "डोरे बांधून पाजा मले. कोन्या गावची हाय ते जिभीवर ठेवल्याबरोबर सांगतो."

करडीला एका लग्नात दुपारचं जेवण आटोपलं होतं. तिथली पार्बताबाई मोहाची काढण्यात नावाजलेली. आम्ही तिच्या पडवीत बसलो, आणि शिवचरणनं केवळरामच्या डोळ्यांवर दुपट्टा बांधला. "सांग आता!"

पळसाच्या पानाचे तीन दोने समोर आले. अंगणात पंधरा-वीस माणसं गोळा झाली. केवळरामनं पहिला दोना ओठाला लावला, मान हलवली. "ही जंगलाकडची. मोह पुरा वाळवला नाही, घाई केली."

पार्बताबाई म्हणाली, "बरोबर. माह्या भावाकडून आली थे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसरा दोना. "ही हितलीच. पार्बताबाईची. पहिल्या धारेची."

तीही बरोबर! आता मास्तरही सरसावून बसले. आमच्या पार्टीचं नाव करडीत होऊन राहिलं होतं.

तिसरा दोना केवळरामनं हातात घेतला. एक घोट, मग दुसरा. मग हळूच, देवळात बोलावं तसं म्हणाला, "बाप्पा! ही साधीसुधी नाही. ही पुरून ठेवलेली हाय. किती सालाची असन कोन जाने. तिखटपना सारा मरून गेला, नुसता थंडावा राहिला. ही पैल्यानं राजेलोक पेत असन!"

पार्बताबाईनं पदर तोंडाला लावला. "बापू, ते तं मडक्यावरचं पानी होय. धार निवाले ठेवतो ना आमी, थे!"

केवळरामनं दुपट्टा सोडला. सगळं करडी हसत होतं. पण हा पठ्ठ्या डगमगला नाही. दोना पुढे करून म्हणाला, "मंग तुह्या गावचं पानी चांगलं हाय, बाई! टाक अजून."

*

वैनगंगेकाठच्या एका गावात आम्ही एका बुढीच्या घरी बसलो होतो. वरात निघायला अवकाश होता. एवढ्यात पोरं ओरडत आली, "जमादार आला! जमादार आला!"

घरात एकच पळापळ. मडकं शेणाच्या ढिगात गेलं, नळी कौलांत गेली. राहिली ती नुकतीच भरलेली एक घागर. बुढीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि कोणी काही म्हणायच्या आत घागर केवळरामच्या बाजात रिकामी केली!

जमादार आत आला. चांगला धिप्पाड माणूस, खाकी कडक इस्त्रीची. नाकानं वास घेत अंगणभर फिरला. काही सापडेना. मग आमच्याकडे वळला. "तुमी कोन?"

"ब्यांड पार्टी, साहेब," मास्तर म्हणाले.

"ब्यांड पार्टी हाय, मंग चूप काहून बसले? वाजवा!"

मास्तरांनी क्लॅरिनेट उचललं. शिवचरणनं ढोल उचलला. मी काड्या उचलल्या. केवळराम मात्र बाजा बाळासारखा मांडीवर घेऊन बसलेला. जमादार त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला. "तुले काय बलावनं पाठवू?"

करतो काय! केवळराम उठला, डोळे मिटले आणि फुंकर मारली. आधी आत गुडगुडलं. मग कारंजं उडालं! जमादाराची टोपी, मिशी, बिल्ला, सगळं न्हाऊन निघालं.

केवळरामला बेड्या पडणार, बुढीचं घर उघडं पडणार, लग्न वाजवायचं राहून जाणार. जमादार पुतळ्यासारखा उभा. मग त्यानं मिशीवरून जीभ फिरवली. एकदा फिरवली. पुन्हा एकदा फिरवली.

"कोनाच्या घरची हाय?" त्यानं विचारलं.

मास्तरांनी बुढीला डोळ्यानं खुणावलं, बोलू नको म्हणून. पण त्या प्रश्नात तारीफ होती, आणि ती तिला ऐकू आली होती. बुढी कंबरेवर हात ठेवून पुढे झाली. "माह्या घरची! कोनाची असन दुसरी अशी?"

जमादारानं रुमाल काढून तोंड पुसलं. "आजच्या आज सारी सांडून टाक. समजलं?"

"सांडतो ना, साहेब," बुढी म्हणाली. "थोडीशी बाटलीत सांडू काय?"

*

एका साली मास्तरांचं पोट बिघडलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी तंबी दिली, दारूचा थेंबही प्यायचा नाही. मास्तर शब्दाचे पक्के. लग्नांमागून लग्नं झाली, त्यांनी दोना हातात धरला नाही. आम्हालाच लाजल्यासारखं व्हायचं.

क्लॅरिनेटच्या तोंडाशी वेताची पातळ पत्ती असते. वाजवण्याआधी ती ओली करावी लागते, नाहीतर सूर फाटतो. मास्तर पत्त्या पाण्याच्या कटोरीत भिजत ठेवायचे. त्या हंगामात ते दर गाण्यानंतर पत्ती बदलू लागले. जुनी चोखून काढायची, नवी लावायची. आम्ही म्हटलं, वय झालं, कान नाजूक झाले असतील.

एक दिवस शिवचरणला तहान लागली आणि त्यानं ती कटोरी उचलून तोंडाला लावली. मग आ वासून मास्तरांकडे पाहतच राहिला.

मास्तर शांतपणे म्हणाले, "डॉक्टरनं प्याले मना केलं. पत्ती भिजवाले नाही केलं!"

*

लग्नाच्या मोठ्या तिथीला एकेका गावात दोन-दोन मांडव असायचे. मोहाडीच्या पलीकडे अशाच एका गावात आम्ही गेलो. वराकडच्या पोरांना शिवचरणचं ढोल वाजवणं फारच आवडलं. मास्तरांचा नियम मोडून त्यांनी त्याला एकाच्या जागी किती दोने पाजले, कुणास ठाऊक. शिवचरण पिऊन कधी बडबडायचा नाही, पडायचा नाही. फक्त डोळे मिटायचा. ठेका मात्र घड्याळासारखा चालू!

वरात निघाली. पुढे शिवचरण, मागे घोड्यावर नवरदेव, त्यामागे आम्ही आणि नाचणारी पोरं. पोरं काही पुढे सरकेनात, म्हणून आम्हीही मागेच अडकलो. बोरिंगपाशी रस्ता फुटत होता. मांडव डावीकडे. शिवचरण डोळे मिटून सरळ गेला. घोडा भाड्याचा, ढोलामागे चालायची सवय लागलेला, तोही सरळ गेला. घोडेवाला पान खायला थांबलेला. नवरदेवाच्या डोळ्यांवर बाशिंगाच्या झालरी, त्याला काय दिसणार! आम्ही धुळीत नाचणाऱ्यांसोबत डावीकडे वळलो आणि मांडवाच्या दारात जाऊन पाहतो, तर नवरदेवच नाही!

नवरीचा बाप पांढराफटक पडला. "पोरगा पयाला काय?" बायका रडू लागल्या. वराचा बाप ओरडू लागला, की तुम्हीच काही बोलले असाल माझ्या पोराला. दोन्हीकडच्या बाह्या सरसावल्या. तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला. "चूप! आयका."

दूर, गावाच्या दुसऱ्या टोकाला, ढोल वाजत होता.

मास्तर आणि मी काट्याकुट्यांची पर्वा न करता वावरातून पळालो. पोचलो तर दुसऱ्या मांडवात आमच्या नवरदेवाचे पाय धुऊन झाले होते. त्यांचा स्वतःचा नवरदेव ट्रॅक्टरवरून यायचा होता, तो अजून वाटेतच. नवरीची मावशी आरती ओवाळता ओवाळता थबकली आणि झालर बाजूला करून म्हणाली, "काहो, आपला तं सावळा होता. हा गोरा कसा झाला?"

मास्तरांनी हात जोडले, सगळा घोळ सांगितला. माणसं भली होती. हसून हसून लोटपोट झाली. ओवाळलेला पाहुणा रिकामा कसा पाठवायचा म्हणून नारळ दिला. आम्ही घोड्याचा लगाम धरला, शिवचरणचा दंड धरला आणि निघालो. मुहूर्त टळायच्या आत पोचलो, लग्न लागलं, सगळं नीट झालं.

पण वाटेत नवरदेवानं घोड्यावरून वाकून मास्तरांना हळूच विचारलं होतं, "मास्तर, थ्या मांडवातल्या नवरीचं नाव काय होतं जी?"

*

भंडाऱ्याला एका भांड्यांच्या व्यापाऱ्याकडे लग्न वाजवलं. व्यापाऱ्याचा धाकटा भाऊ आमच्यावर इतका खूश झाला, की दुसऱ्या दिवशी म्हणाला, "चला, तुम्हाले बियर पाजतो. बारमध्ये!"

आम्ही लाल कोट घालूनच गेलो. आत पंखा, गाद्यांच्या खुर्च्या, भिंतीला आरसे. केवळराम आरशातल्या स्वतःला नमस्कार करून बसला. वेटरनं थंडगार बाटल्या उघडल्या, पेले तिरपे धरून ओतले. वर हा एवढा फेस!

शिवचरणनं पेला नाकाशी नेला. "लुगडे धुतलेलं पानी वाटून राहिलं."

"लेका, फेस खाली बसू दे," मी म्हटलं.

तो बसू देईना. एका दमात पेला रिकामा केला आणि वेटरला म्हणाला, "हे झालं. आता दारू आना."

केवळरामनं तोंडात घोळवली, डोळे मिटले, उघडले. "थंडी हाय. कडू हाय. पन कोनती गोष्ट सांगून नाही राहिली."

मास्तर मात्र हळूहळू पीत होते. अर्धा पेला झाल्यावर त्यांनी वेटरला जवळ बोलावलं. "कोनाच्या घरची हाय जी?"

"घरची नाही, मास्तर. कंपनीची."

"हो, पन काढते कोन? कोन बाई हाय तिथं?"

"बाई नाही तिथं. मशीन असते."

मास्तरांनी पेला खाली ठेवला. व्यापाऱ्याचा भाऊ काळजीत पडला. "काहून मास्तर, चांगली नाही लागली काय?"

"चांगली लागली ना," मास्तर म्हणाले. "पन आता सांगू कोनाले?"

*

सगळ्याच गोष्टी हसण्यासारख्या नव्हत्या.

एका ठेकेदाराच्या घरच्या लग्नात त्याच्या मोठ्या पोरानं बाहेरून दारूची कॅन मागवली होती. गावातल्या बाईची नको, तिची महाग पडते आणि कमी पडते, असं त्याचं म्हणणं. त्यानं पहिला पेला मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांनी वास घेतला आणि पेला मातीत ओतला.

"हे मोहाची नाही," ते म्हणाले. "हे कोनाले देऊ नका."

पोरगा भडकला. पाहुण्यांसमोर अपमान झाला होता त्याचा. "बाजेवाला हायेस तू! वाजव आन् चूप बस."

"नाही वाजवत," मास्तर म्हणाले. "हे कॅन सांडली तं वाजवतो."

कॅन सांडली गेली नाही. त्यानं मास्तरांची टोपी उडवली, धक्का दिला. शिवचरण पुढे सरसावला, तर मास्तरांनीच त्याला अडवलं. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही न वाजवता लग्नातून निघालो. स्टेशनपर्यंत उन्हातून चालत आलो. मला तर मनातून वाटत होतं, की मास्तरांनी उगाच ताणलं.

पुढे कळलं, त्या लग्नातली चार माणसं भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती झाली. एकाची नजर गेली. तो त्या पोराचा सख्खा काका होता.

पावसाळ्यात एक दिवस मी मास्तरांच्या दुकानात बसलो होतो. तो पोरगा आला. दारात उभा राहिला. डोळे भरून आले. मास्तरांनी मशीन थांबवली, त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गळ्यातला टेप काढला.

"ये," ते म्हणाले. "माप देऊन जा. पयल्यापेक्षा वाळला तू."

*

आता ही शेवटची, आणि मला विचाराल तर सगळ्यात भारी.

नदीकाठच्या एका गावात सायत्राबाई नावाची विधवा होती. तिच्या घरच्या मोहाची चव घेतली की माणूस दुसरीकडे बसायचा नाही. त्याच धारेवर तिनं पोरगी वाढवली, शिकवली. पोरीला चांगलं स्थळ आलं. मुलगा शाळामास्तर, घर खातंपितं. अडचण एकच, मुलाचा बाप! भगवानजी त्यांचं नाव. त्यांच्या गावात दारूबंदीचं मंडळ होतं आणि हे त्याचे अध्यक्ष. पांढरा सदरा, टोपी, चौकात उभं राहून भाषणं करायचे. पोरगी त्यांना पसंत पडली, पण अट घातली. "आजपासून भट्टी बंद. आन् लग्नात एक थेंब दिसला, तं वरात वापस नेईन."

सायत्राबाईनं दिवाळीनंतर लगेच मडकी फोडली. सगळ्या गावादेखत. पुढचा मोहाचा हंगाम आला, तिच्या दारच्या झाडाखाली फुलांचा सडा पडला, तो तिनं गुरांना खाऊ दिला.

वाजवायला आम्हीच. मास्तरांनी आम्हाला बजावलं, "आज कोनाच्या तोंडाले वास आला, तं मी त्याचा बाजा फोडीन. पोरीची जिंदगी हाय." आणि आम्ही मानलं. एक दोनाही नाही. दोन्ही गावांत कोणाकडे नव्हतीच म्हणा. भगवानजींचा धाकच तसा!

पण खरं सांगतो, इतकं वाईट वाजवणं आमच्या हातून कधी झालं नाही. शिवचरणचा ठेका लंगडायला लागला. केवळरामचे ओठ सुकून बाजा म्हशीसारखा रेकू लागला. मास्तरांचा सूर चढेना, माझ्या काड्या एकमेकींवर आपटत होत्या. मारुतीच्या देवळापाशी वरात आली आणि अडकली. एकाचाही पाय उचलेना. पोरं पारावर जाऊन बसली. वऱ्हाडी बायका जांभया देऊ लागल्या. गावची माणसं ओट्यांवर उभी राहून पाहत होती आणि एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "हे लगन हाय का मयत?"

भगवानजींच्या कानावर ते गेलं. चेहरा काळाठिक्कर पडला. एकुलत्या एका पोराची वरात! मुहूर्त जवळ येऊन राहिला होता. उन्हात उभा नवरदेव, मांडवाच्या दारात उभी सायत्राबाई, हातात आरतीचं ताट. तिला काही समजेना, वरात तिथंच का थांबली ते. ताट कोणाच्या तरी हाती देऊन ती स्वतः चालत आली.

भगवानजींनी मास्तरांचा हात धरला आणि त्यांना आपल्या बैलगाडीच्या आड नेलं. मी ड्रम घेऊन मागोमाग गेलो.

"मास्तर, असं काहून होऊन राहिलं?"

"तुमची अट पाळून राहिलो, भगवानजी," मास्तर म्हणाले. "ओठ चालत नाही, हात चालत नाही. माफी करा. पन पोरीच्या लगनात दगाफटका करनार नाही आमी."

भगवानजींनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी घातली. मग गाडीत अंथरलेल्या भाताच्या तणसात कोपरापर्यंत हात घातला आणि एक बाटली बाहेर काढली.

"एक-एक घोट," ते दबक्या आवाजात म्हणाले. "कोनाले दिसलं नाही पायजे."

आणि वळून पाहतात तो सायत्राबाई समोर उभी!

सायत्राबाईनं व्याह्यांच्या हातातून बाटली घेतली. बूच काढलं. वास घेतला. मग मान वर करून थेट त्यांच्या डोळ्यांत पाहिलं.

"इवाई," ती म्हणाली, "ही तं माह्याच घरची. मागच्या सालची. यंदा तं म्या काढलीच नाही."

भगवानजींनी मान खाली घातली.

"म्हनून तं जपून ठेवली होती, इहीनबाई!"